खाशाबांची गोष्ट आपण अर्धीच सांगतो

परवा एका कॉलेजमध्ये पीएच.डी.च्या तयारीतल्या मुलांसाठी कार्यक्रम होता. प्रश्नोत्तरांसाठी मला बोलावलं होतं, म्हणून आधीचं व्याख्यानही ऐकलं. विषय होता 'यश मनात घडतं'. वक्ते चांगले बोलत होते, मुलं हसत होती, वहीत लिहून घेत होती. शेवटच्या स्लाइडवर खाशाबा जाधवांचा फोटो आला. खिशात पैसा नव्हता, अंगात ताकद बेताची, पण मनात विश्वास होता आणि म्हणून पदक आलं, असा समारोप झाला. कोल्हापुरात खाशाबांचं नाव घेतलं की टाळ्या पडणारच. मीही वाजवल्या.

कार्यक्रम संपल्यावर एक मुलगी थांबली. एम.एस्सी. होऊन दोन वर्षं झालेली, नेट दुसऱ्यांदा थोडक्यात हुकलेली. म्हणाली, "ताई, मग माझा विश्वासच कमी पडला का?"

उभ्या उभ्या मला नीट उत्तर देता आलं नाही. "तसं नसतं गं" एवढंच म्हणाले आणि बस पकडली. ही पोस्ट म्हणजे त्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी हा प्रश्न स्वतःला रात्री कधीतरी विचारला असेल, म्हणून इथे लिहितेय.

आधीच सांगते, मी मानसशास्त्राची विद्यार्थिनी नाही. पण संशोधनाच्या तयारीत आपण सगळेच एक गोष्ट शिकतो: कोणी 'अमुकमुळे तमुक झालं' म्हटलं की 'कशावरून?' असं विचारायचं. व्याख्यानाच्या हॉलमध्ये हा प्रश्न आपण बाहेर चपलांसोबत काढून ठेवतो. तो जरा परत आत आणू.

आधी गोष्ट पूर्ण बघू

खाशाबा दादासाहेब जाधव, जन्म १९२६, कराडजवळचं गोळेश्वर. वडील पैलवान. शिक्षण कराडला, मग कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात. तिथला एक प्रसंग सगळीकडे सांगितला जातो. कॉलेजच्या वार्षिक स्पर्धेत क्रीडाशिक्षकांनी अंगकाठी बघून त्यांना नाव देऊ दिलं नाही. खाशाबा थेट प्राचार्य खर्डेकरांकडे गेले. प्राचार्यांनी परवानगी दिली आणि या बारक्या पोरानं आपल्याहून थोराड पैलवानांना पाडलं.

१९४८ ला लंडन ऑलिंपिक. खर्चाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. तोवर सगळा सराव तांबड्या मातीतला होता, तिथे मात्र मॅट. मॅटचे डाव आणि नियम वेगळे. रीस गार्डनर या अमेरिकी प्रशिक्षकाने त्यांना तयार केलं. फ्लायवेट गटात सहावा क्रमांक आला.

परत आल्यावर सराव वाढवला आणि वजनगट बदलला. १९५२ च्या हेलसिंकीला बँटमवेट, म्हणजे ५७ किलोच्या गटात उतरले. पण जायला पैसे? गावकऱ्यांनी वर्गणी काढली, इकडून तिकडून थोडं जमलं, आणि प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. तिथे कॅनडा, मेक्सिकोचे मल्ल हरवून खाशाबा पुढे गेले. जपानच्या शोहाची इशीशी लांबलेली कुस्ती हरले. इशी त्या गटाचा सुवर्णविजेता. त्यानंतर लगेचच सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोवशी लढायला सांगितलं गेलं. दोन कुस्त्यांमध्ये निदान अर्धा तास विश्रांती हा नियम होता, पण तो ठामपणे मांडायला आपला एकही अधिकारी तिथे हजर नव्हता, असं सांगितलं जातं. ती कुस्ती गेली. ब्राँझ मिळालं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक ते हेच. पुढचं यायला १९९६ उजाडलं.

स्लाइडवर यातलं 'जिद्द' आणि 'विश्वास' एवढंच उरतं. गहाण टाकलेलं घर बहुतेक वेळा भावनिक तपशील म्हणून येतं, कारण म्हणून येत नाही. महाराजांचा खर्च, गार्डनरची शिकवणी, वजनगटाचा निर्णय हे तर येतच नाही. आणि मॅटशेजारी नसलेला अधिकारी हमखास गायब असतो, कारण तो गोष्टीच्या विरोधात जातो. विश्वास पुरेसा असता तर त्या अर्ध्या तासाने काही फरक पडला नसता.

आता एक नाव सांगते, जे त्या स्लाइडवर कधी दिसत नाही: के. डी. माणगावे. हेही कोल्हापूरचे, त्याच हेलसिंकीच्या संघातले, फेदरवेट गटात लढलेले. त्यांचं पदक हुकलं. त्यांचा विश्वास खाशाबांपेक्षा कमी होता, असं म्हणायला तुमच्याकडे काही पुरावा आहे का? माझ्याकडे नाही. एकाच मातीत घडलेले, एकाच संघातून गेलेले दोन मल्ल. एकाला पदक मिळालं, म्हणून आपण मागे जाऊन त्याच्या मनात कारण शोधतो. दुसऱ्याच्या मनात डोकावतच नाही. याला आपण प्रयोगशाळेत काय म्हणतो? फक्त यशस्वी नमुने ठेवून बाकीचे फेकून देणं. असा डेटा घेऊन गाइडकडे गेलात तर काय ऐकायला मिळेल, ते तुम्हाला माहीत आहे.

मग संशोधन काय सांगतं?

'स्वतःच स्वतःला घातलेल्या मर्यादा' या विषयावर जे बोललं जातं, त्यातलं बरंच कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञ बाईंच्या कामातून आलंय. त्यांचं 'माइंडसेट' हे पुस्तक २००६ मध्ये आलं. मुद्दा थोडक्यात असा: बुद्धी जन्मजात आणि ठरलेली आहे असं मानणारी मुलं अपयश आलं की माघार घेतात, बुद्धी वाढवता येते असं मानणारी मुलं पुन्हा प्रयत्न करतात. कल्पना पटण्यासारखी आहे. प्रश्न हा की परिणाम किती मोठा?

२०१८ मध्ये सिस्क आणि सहकाऱ्यांनी यावर दोन मेटा-ॲनालिसिस एकत्र प्रसिद्ध केले. पहिल्यात २७३ अभ्यास, साडेतीन लाखांहून जास्त विद्यार्थी. असा दृष्टिकोन आणि परीक्षेतलं यश यांचा सहसंबंध निघाला ०.१०. त्याचा वर्ग करा: ०.०१. म्हणजे मुलामुलांच्या गुणांमध्ये जो फरक दिसतो, त्यातला साधारण एक टक्का या दृष्टिकोनाशी जुळतो. तोही 'जुळतो', 'त्यामुळे होतो' असं नाही. चांगले गुण मिळालेल्या मुलाचा स्वतःवरचा विश्वास वाढतो, हा उलटा बाण यात मिसळलेला आहेच.

दुसऱ्यात त्यांनी मुलांचा दृष्टिकोन मुद्दाम बदलण्याचे प्रयोग तपासले. सरासरी इफेक्ट साइझ निघाला ०.०८. नुसता आकडा बघून काही कळत नाही, म्हणून असं समजा. शंभर जणांच्या वर्गात एक मुलगा बरोबर मध्ये आहे, पन्नास जण त्याच्या मागे. प्रयोगानंतर त्याच जुन्या वर्गाशी तुलना केली तर त्रेपन्न जण त्याच्या मागे असतील. तीन जागा पुढे.

इथे थांबून 'बघा, सगळं खोटं' म्हणाल तर तीही घाई होईल. २०१९ मध्ये डेव्हिड येगर आणि सहकाऱ्यांचा एक मोठा अभ्यास 'नेचर'मध्ये आला. अमेरिकेतले बारा हजारांच्या आसपास नववीचे विद्यार्थी, एका तासाहून कमी वेळेचा ऑनलाइन उपक्रम, आणि काय मोजणार हे आधीच जाहीर केलेलं. मागे पडलेल्या मुलांची सरासरी ग्रेड ४ च्या मोजपट्टीवर ०.१० ने वाढली. एक तासाच्या, जवळपास फुकटच्या उपायाला हे काही वाईट नाही. रोजच्या जेवणात चिमूटभर मीठ असावं तसं. पण आपले वक्ते मिठालाच जेवण म्हणून वाढतात.

त्या अभ्यासातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला भाग पुढेच आहे. परिणाम सगळीकडे सारखा नव्हता. ज्या शाळांत बरोबरीच्या मुलांमध्ये अवघड गोष्ट करून बघण्याची पद्धत होती, तिथे ग्रेडमधली वाढ टिकली. २०२२ मध्ये याच गटाने आणखी एक गोष्ट दाखवली. गणिताच्या शिक्षकांनाच 'हुशारी वाढवता येते' असं वाटत होतं, त्या वर्गांत फायदा दिसला. तसं वाटत नव्हतं, तिथे जवळपास नाही.

म्हणजे मुलाच्या डोक्यातला विचार बदलला, पण आजूबाजूचं काही बदललं नाही, तर तो विचार उगवून येत नाही. राजाराम कॉलेजातल्या त्या प्रसंगात 'हा लहान अंगाचा, याला जमणार नाही' ही मर्यादा नेमकी कोणाच्या डोक्यात होती? खाशाबांच्या नव्हे. यादीत नाव लिहिणाऱ्याच्या.

तरी खाशाबांचं श्रेय कुठे आहे?

आता तुम्ही म्हणाल, मग खाशाबांनी काहीच केलं नाही का? केलं. पण ते काय होतं, ते अचूक शब्दांत सांगायला हवं.

ते प्राचार्यांच्या दारापर्यंत चालत गेले. हा निर्णय त्यांचा. क्रीडाशिक्षकांचं म्हणणं त्यांनी स्वतःचं मत म्हणून उचललं असतं, तर खर्डेकरांना 'हो' म्हणायची संधीच मिळाली नसती. सहाव्या क्रमांकावर समाधान न मानता, मॅटवर आपण कुठे कमी पडतो हे बघून त्यांनी सराव बदलला. वजनगट बदलला. नकार आल्यावर परत परत मागितलं. हे सगळं दिसतं, मोजता येतं आणि दुसऱ्याला शिकता येतं. 'विश्वास ठेवा' यातलं काहीच दिसत नाही आणि उद्या सकाळी उठून नक्की काय करायचं, तेही कळत नाही.

तेव्हा विश्वासाचं काम माझ्या मते एवढंच: तुम्ही दार ठोठावता की नाही, हे त्यावर ठरतं. दार उघडेल की नाही, हे नाही. दोन्ही खरं आहे आणि एक खरं म्हणून दुसरं खोटं ठरत नाही.

आल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये 'मला हे जमेल' ही भावना कुठून येते, याचे चार स्रोत मांडले. एक, स्वतः करून जमल्याचा अनुभव. दोन, आपल्यासारख्याला ते करताना बघणं. तीन, कोणीतरी 'तुला जमेल' म्हणणं. चार, शरीर-मनाची त्या वेळची अवस्था, म्हणजे धडधड, घाबरणं वगैरे. यात सगळ्यात भक्कम पहिला. व्याख्यान तिसऱ्या खात्यात येतं, आणि तिथे मिळालेला विश्वास पहिल्याच खऱ्या अपयशात विरून जातो.

तालमीकडे या नजरेने बघा. पहाटे उठून पोरगा जोर-बैठका मारतो, माती उकरतो, आपल्याहून थोड्या वरच्या जोडीशी लढतो, पडतो, दुसऱ्या दिवशी तोच डाव थोडा बरा बसतो. शेजारी त्याच गल्लीतला, त्याच परिस्थितीतला थोरला पैलवान लढत असतो. वस्ताद चूक तिथल्या तिथे दाखवतो. बांडुराचे चारही स्रोत एका छपराखाली आहेत. तालमीत 'स्वतःवर विश्वास ठेव' असं फलकावर लिहून कोणी पैलवान घडवल्याचं मी तरी ऐकलं नाही.

कोल्हापूरला हे नवीन नाही. शिक्षण आपल्यासाठी नाही, ही समजूत इथल्या कितीतरी घरांत पिढ्यान् पिढ्या होती. शाहू महाराजांनी त्यावर भाषणंही केली, पण तेवढ्यावर थांबले नाहीत. १९०१ पासून वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहं काढली. १९०२ मध्ये संस्थानच्या नोकरीत मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या. १९१७ मध्ये सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणलं. 'आपल्याला जमत नाही' ही समजूत हलली, कारण आपल्यासारखाच एक मुलगा बोर्डिंगात राहून शिकला आणि साहेब होऊन गावी आला, हे लोकांनी डोळ्यांनी बघितलं.

आणि अलीकडचं बघा. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ मिळवलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा मुलगा. महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळालं ते खाशाबांनंतर ७२ वर्षांनी. त्याच्या शांतपणाचं कौतुक झालं, व्हायलाच हवं. पण त्याच्यामागे राज्य सरकारची क्रीडा प्रबोधिनी होती, रेल्वेची नोकरी होती, रायफल आणि काडतुसांचा खर्च उचलणारे होते. त्यासाठी कुणा प्राचार्याला घर गहाण टाकावं लागलं नाही. ७२ वर्षांत कोल्हापूरच्या पोरांचा विश्वास कमी झाला होता आणि २०२४ ला अचानक वाढला, असं तर कोणी म्हणणार नाही ना?

तुमच्या वाक्यांची चाळणी

आता हे सगळं तुमच्या कामाचं कसं? एक कागद घ्या आणि संशोधनाबद्दल तुम्ही स्वतःशी जी वाक्यं बोलता ती लिहून काढा. मग ती तीन ढिगांत टाका.

पहिला ढीग: न तपासलेले अंदाज. 'माझं इंग्लिश कच्चं आहे, पेपर वाचणं जमणार नाही.' 'गणित माझ्या डोक्यातच नाही.' ही खरी असू शकतात, खोटीही. मूळ मुद्दा हा की ती तपासलेलीच नाहीत. यावर उपाय छोटा प्रयोग. एक पेपर घ्या, फक्त गोषवारा आणि आकृत्या. रोज अर्धा तास, तीन आठवडे. न कळलेले शब्द मोजा आणि तारखेसह लिहा. पहिल्या आणि एकविसाव्या दिवसाचा आकडा तुम्हाला कुठल्याही वक्त्यापेक्षा खरं सांगेल. एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी मी हेच केलं होतं. पहिल्या पेपरात एका पानावर एकोणतीस शब्द अडले होते. ती वही अजून टेबलाच्या खणात आहे.

दुसरा ढीग: परिस्थितीची खरी माहिती. 'घरून पाच वर्षं पैसे येणार नाहीत.' 'बहिणीचं लग्न आहे, मला कमवावं लागेल.' याला मर्यादित विचारसरणी म्हणणं अन्याय आहे. हा हिशेब आहे, आणि हिशेबाला उत्तर हिशेबानेच द्यायचं. जेआरएफची रक्कम जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे. सारथी, बार्टी, महाज्योती यांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत; त्यांच्या अटी आणि मुदती स्वतः जाहिरात उघडून वाचा, मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका. रक्कम हातात यायला उशीर होऊ शकतो, म्हणून मधल्या महिन्यांची सोय आधी धरा. एवढं करूनही आकडे जुळले नाहीत आणि तुम्ही नोकरी धरलीत, तर तो तुमचा पराभव नाही. तो एक निर्णय आहे. दोन वर्षांनी बदलताही येतो.

तिसरा ढीग: दुसऱ्याने घेतलेला निर्णय, जो आपण स्वतःचा समजून बसलोय. 'आपल्या कॉलेजातल्यांना कोण घेतंय.' 'मुलींनी लॅबमध्ये रात्री थांबायचं नसतं.' हे वाक्य पहिल्यांदा कोणाच्या तोंडून ऐकलं, ते आठवून बघा. आठवलं की त्या माणसाच्या वरचं दार शोधा. ईमेल पाठवा, दहा ठिकाणी पाठवा, आठ ठिकाणांहून उत्तर येणार नाही हे धरून चाला. खाशाबांचा खरा उपयोग इथे आहे.

बहुतेक व्याख्यानं या तीन ढिगांना एकाच पोत्यात भरतात आणि त्यावर 'तुमचा कमकुवत विश्वास' अशी चिठ्ठी चिकटवतात. माझा आक्षेप नेमका यावर आहे. ज्याच्याकडे बाकी सगळं आहे, त्याला हे ऐकून दोन घटका हुरूप येतो. ज्याच्याकडे नाही, त्याच्या वाट्याला अपयश येतंच, वर त्या अपयशाचा दोषही येतो.

उलट बाजूलाही एक धोका आहे, तो सांगायला हवा. 'सगळी व्यवस्थाच तशी आहे' म्हणून पहिल्या ढिगातली वाक्यंही दुसऱ्यात सरकवायचा मोह होतो. मलाही होतो. इंग्लिशच्या भीतीला मी बरेच दिवस 'आमच्याकडे सोय नव्हती' म्हणत होते. सोय नव्हती हे खरं. पण सोय झाल्यावरही मी सहा महिने वही उघडली नव्हती, हेही खरं. म्हणून कागदावर लिहा. डोक्यात ढीग एकमेकांत मिसळतात.

त्या मुलीचा नंबर माझ्याकडे नाही. ती हे वाचत असेल तर तिच्यासाठी: थोडक्यात हुकलेल्या निकालात विश्वास किती होता, ते कोणी मोजलेलं नाही, तेव्हा त्यावर निष्कर्ष काढू नकोस. कुठल्या घटकांत गुण गेले, ते मात्र उत्तरतालिकेवरून मोजता येतं. ते मोज. वेळ कमी पडला की अभ्यास कमी पडला, ते वेगळं काढ. आणि अभ्यासाला एकटी बसत असशील तर आपल्याहून थोडं पुढे असलेलं कोणीतरी शोध, जिच्याशी रोज लढता येईल.

तालमीत जोड लागतेच.